शिकून काय करू

नागपूर, १० फेब्रुवारी २०२५

प्रणाली,

फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या मेसेजवर नुसती एकच टिक येते, म्हणजे तू मला बंद करून टाकलं आहेस. म्हणून कागदावर लिहिते. फाडायचा असला तरी कागद एकदा हातात घ्यावा लागतो.

पियूष पालथा पडायला लागला असं आईकडून कळलं. तिने फोटोही दाखवला. हनुवटी तर सरळ आपल्या बाबांची, त्याच्या नानाजींची, घेऊन आलाय. आईला म्हटलं, बाबा माग चालवताना अशीच हनुवटी वर करून बघायचे. बारशाला मला बोलावणं आलं नाही, ते मी मनात ठेवलेलं नाही. ज्या घरात मागच्या मे महिन्यात माझी नूपुर कूलरला चिकटून गेली, त्या घरात मला बोलावायला तुझी जीभ रेटणार नाही, हे मला समजतं. सुट्टीत मावशीकडे जायचं म्हणून तीच हट्ट धरून बसली होती. मीच तिची बॅग भरली.

लिहायचं होतं ते वेगळंच. काल रविवारी मी धरमपेठेत एका वर्गाला गेले होते. आमच्या साडीच्या दुकानात डॉ. चारुलता म्हणून एक बाई येतात, लहान मुलांच्या डॉक्टर. त्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आईवडिलांना प्रथमोपचार शिकवतात. मूल गुदमरलं, भाजलं, बुडालं, त्याला शॉक बसला, तर दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्या माणसांनी काय करायचं ते. तिथे सगळे जोडीजोडीने आले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारलं, तुमचं बाळ केवढं? सहा वर्षांचं, असं मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

तुला उपयोगाचं तेवढं सांगते. पियूषच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडताही येत नसलं, तर तोंडात बोट घालून चाचपडू नकोस, वस्तू अजून आत जाते. त्याला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, जबडा आपल्या बोटांनी धरायचा आणि खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाचदा दाबायचं. पुन्हा पालथं. आणि हे चालू असताना कोणीतरी १०८ला फोन लावायचा. भाजलं तर नळाखाली धरायचं, बराच वेळ. टूथपेस्ट नाही, हळद नाही. हे सगळं बाहुलीवर करून बघावं लागतं, नुसतं वाचून हाताला येत नाही. तू एकदा ये. सावनेरहून बसने तासाभराचा रस्ता आहे.

तुला काही दाखवून द्यायला मी हे लिहीत नाही. तुझं बाळ रांगायला लागेल तेव्हा मे महिना असेल आणि घरोघर कूलर लागलेले असतील, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

तू भाऊजींचं विचारणार नाहीस, पण अभिजीत बरा आहे. सध्या काटोलला त्याच्या दादाकडे असतो. संत्र्यांचा हंगाम आहे ना.

तुझी,
हर्षाताई


नागपूर, २४ मार्च २०२५

प्रणाली,

काल तुझे अश्विनराव दुकानात आले होते. तुला सांगून आले नसतील तर त्यांच्यावर रागावू नकोस. मी एका लग्नघराच्या साड्या उघडून बसले होते, आणि ते दाराशीच उभे राहिले, आत येईनात. मालकिणीला सांगून मी बाहेर गेले आणि आम्ही चहाच्या टपरीवर बसलो.

ते म्हणाले, माझं पत्र आलं की तू ते वाचतेस, घडी घालून ठेवतेस आणि मग जेवत नाहीस. बाळाला पाजतेस, घरातलं सगळं करतेस, फक्त जेवत नाहीस.

"ताई, तुमी चांगल्यासाठी लिहून राहिल्या, हे मले समजते," ते म्हणाले. "पण तिले ते तसं दिसत नाही. तिले वाटते, तुमी दर ओळीत तेच म्हणून राहिल्या."

मी विचारलं, काय म्हणून राहिले? त्यावर त्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

मग मीच त्यांना त्या दिवसाचं विचारलं. तुला मी कधी विचारलं नाही. आधी विचारायची ताकद नव्हती, नंतर तू समोर आली नाहीस. तू त्यांना जे सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं. ते स्वतः तेव्हा खाणीत ड्यूटीवर होते. भर दुपार होती. अंगणातल्या नळाला पाणी आलं होतं आणि नूपुर पाइप धरून खेळत होती. तू स्वयंपाकघरात रसासाठी आंबे पिळत होतीस. ती तशीच ओल्या पायांनी आत आली आणि फ्रॉक वाळवायला कूलरसमोर उभी राहिली. तू बाहेर आलीस तेव्हा ती कूलरला टेकून बसल्यासारखी दिसली.

तू तिला हात लावला नाहीस. आधी जाऊन कूलरची पिन बोर्डातून काढलीस. प्रणाली, हे तू बरोबर केलंस. डॉक्टर सांगतात की शिकलेली माणसंसुद्धा तिथे चुकतात, धावत जाऊन मुलाला ओढायला बघतात आणि स्वतःच चिकटतात. तुला चौथा महिना होता. तू पिन काढलीस म्हणून आज पियूष आहे. हे तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

पुढचं अश्विनराव कपाकडे बघत सांगत होते. तुझ्या हाका ऐकून गल्ली जमली. समोरच्या घराचं बांधकाम चाललं होतं, वाळूचा ढीग पडला होता. कोणी म्हातारे म्हणाले, अंगातला करंट जमिनीत उतरला पाहिजे, लेकराले वाळूत ठेवा, आमच्या गावी असंच करतात. सगळ्यांनी मिळून तिला गळ्यापर्यंत वाळूत ठेवलं. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. ती आता डोळे उघडेल, मग उघडेल, असं सगळे म्हणत होते. किती वेळ गेला ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मग कोणीतरी गाडी आणली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या केसांत वाळू होती. मला वाटलं होतं, कुठे खेळताना पडली असेल.

मी तुला दोष देत नाही. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. आपल्याला कोणी काय शिकवलं होतं? शाळेत नाही, लग्न ठरताना नाही, पोटुशी असताना नाही. डोहाळजेवणात सतरा प्रकारचे लाडू होतात, पण लेकरू श्वास घेईनासं झालं तर काय करायचं, हे तुला-मला कोणी सांगितलं नाही.

एवढंच म्हणते, की वर्गाला ये. आणि पत्र वाचायच्या आधी जेवत जा.

हर्षाताई


नागपूर, १५ एप्रिल २०२५

प्रणाली,

तू धरमपेठेपर्यंत येणार नाहीस हे मी धरून चालले, म्हणून वर्ग आपल्याकडेच आणला. गोळीबार चौकातल्या आपल्या समाजभवनात. आई तिथून दहा पावलांवर राहते, म्हटलं आईकडे म्हणून आलीस तर येशीलही. तुला निरोप पाठवायला आईला सांगितलं होतं. तिने पाठवला की नाही देव जाणे. ती आजकाल आपल्या दोघींत पडत नाही.

डॉ. चारुलता एका शब्दाने तयार झाल्या. आठवडाभर मी दुकानातून सुटले की घरोघर फिरत होते. आपल्याला जन्मापासून ओळखणारी घरं, कधीकाळी घरटी दोन दोन माग चालायचे तिथे. चहा सगळ्यांनी दिला. पण मी विषय काढला की बायका लेकराला जवळ ओढून घेत. शाळेत माझ्या वर्गात होती ना श्वेता, तिला दोन लहान मुलं आहेत. तिने मला दारातच थांबवलं.

"हर्षा, तुयं दुःख मले समजते वं," ती म्हणाली. "पण माया लेकराईले काही झालंच नाही, अन् तू काहून असं अभद्र घेऊन घरात येऊन राहिली?"

मी म्हटलं, काही होऊ नये म्हणूनच. तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं. मी जिन्यावर असतानाच आतून मिरच्या-मोहरीचा वास आला. मुलांची दृष्ट काढत होती.

रविवारी तिघी आल्या. आदल्या दिवशी हनुमान जयंतीच्या महाप्रसादाला त्याच भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. तिघींतली एक बाळाचा खोकला दाखवायला आली होती, डॉक्टरांनी तपासल्यावर निघून गेली. दुसरीला नवऱ्याचा फोन आला. तिसरी एक आजीबाई होती. तिचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी बाहुली टेबलावर ठेवली. आजी उभ्याने दाबत राहिली आणि सारखं विचारत राहिली, बाई, दुखत असंल ना लेकराले? डॉक्टर म्हणाल्या, दुखू दे, बरगडी मोडली तर जोडता येते.

सामान आवरताना त्या मला म्हणाल्या की पहिल्यांदा असंच होतं. मी हो म्हटलं. रिकाम्या सतरंज्या झटकून घड्या घातल्या आणि भवनाची किल्ली परत देऊन आले.

घरी अभिजीत आला होता, दोन दिवसांसाठी. आमचा कूलर त्याने मागच्या वर्षीच भंगारात दिला, पंख्यावरच उन्हाळा काढतो आम्ही. मी त्याला वर्गाचं सांगितलं. तो म्हणाला, आपल्याला आता कोण आहे, कोणासाठी चाललंय हे? मी पियूषचं नाव घेतलं. तो उठून आंघोळीला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काटोलला गेला. हंगाम लांबलाय म्हणाला.

तुमचा कूलर अजून तोच आहे का? तो असला तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना आधी पिन काढायची. पियूष आता बसायला लागला असेल.

हर्षाताई


नागपूर, २ मे २०२५

प्रणाली,

परवा अक्षय्य तृतीयेला तू आलीस. आई बाबांच्या नावाने पितरांची घागर भरणार होती. बाजूला तिने एक लहान गाडगंही मांडलं होतं. लहान लेकरांचं असं करत नाहीत असं भटजी म्हणाले, तरी तिने ते उचललं नाही. तू दारात दिसलीस आणि माझ्या हातातला दिवा तिरका झाला. एका वर्षात तू केवढी वाळलीस.

तू पियूषला माझ्या मांडीवर ठेवलंस. तुला माहीत नाही तू मला काय दिलंस. त्याने माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली आणि लाळेने माझा पदर भिजवला. जेवणं झाली, आई आडवी झाली, आणि आपण दोघी मागच्या खोलीत बसलो. तू पियूषला थोपटून निजवलंस. मग विचारलंस.

"ताई, एक खरं सांग. तवा मले ते छाती दाबायचं येत असतं, त नूपुर वाचली असती का?"

आणि मी म्हटलं, "नाही."

तू माझ्या गळ्यात पडलीस. इतकी रडलीस की आई उठून आली आणि आपल्याला बघून तशीच परत गेली. तू म्हणालीस की वर्षभरात आज पहिल्यांदा श्वास पुरा आत गेला. आईने दिलेला भात तू पुन्हा मागून घेतलास. मला वाटलं, माझी बहीण परत आली. पुष्कळ झालं, आता काही नको.

पण तू निघताना मी म्हटलं, मग रविवारी वर्गाला येतेस ना? तू चप्पल घालत होतीस. वर बघून सहज म्हणालीस, "ती वाचणारच नव्हती म्हणतं, त मग शिकून काय करू?"

तुमची रिक्षा वळली तरी मी दारातच होते.

दोन दिवस मी हे पत्र लिहू की नको करत होते. नाही लिहिलं तर मला बहीण मिळते. पण पियूष आदल्या दिवशी रांगत तुमच्या कूलरपर्यंत गेला असं तूच हसत सांगितलंस.

प्रणाली, मी खोटं बोलले.

डॉ. चारुलतांना मी हेच विचारलं होतं, पहिल्याच वर्गानंतर. मुलगी कोणाची ते सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, शॉकने हृदय थांबलं असेल, तर लगेच छाती दाबायला घेतली तर मूल परत येऊ शकतं. लहान मुलांचं हृदय धडधाकट असतं. खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण शक्यता होती. पुढे अश्विनराव भेटून गेल्यावर मी त्यांना वाळूचंही विचारलं. त्या म्हणाल्या, वाळूचा काही उपयोग नसतो. करंट अंगात साठून राहत नाही. वाळूत फक्त वेळ जातो, आणि छातीवर वजन पडतं.

आता हेही लिहून टाकते, नाहीतर ते प्रत्येक पत्रात लपून बसतं. अश्विनराव म्हणाले होते की मी दर ओळीत तेच म्हणते. ते खरं आहे. मी दोष देत नाही असं मी तुला लिहिलं, पण मी देते. भाजी चिरताना देते, साडीची घडी घालताना देते. तू पिन काढलीस तेव्हाच जर कोणी तिच्या छातीवर हात ठेवला असता, असं दिवसभर माझ्या डोक्यात चालू असतं. तुम्ही एवढी माणसं होतात. तिला तुम्ही वाळूत ठेवलंत आणि बघत बसलात. तुझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. तिच्या नाकाशी हात धरून बघावं असं कोणाला वाटलं नाही? तुला माहीत नव्हतं, हे मला समजतं. समजून काही होत नाही.

म्हणून शीक. ती वाचली असती म्हणून शीक. माझं तोंड पुन्हा बघू नकोस हवं तर.

हर्षा


नागपूर, १ जुलै २०२५

प्रणाली,

हे पत्र तू वाचणार नाहीस, असं अश्विनराव म्हणाले. आता टपाल तेच आधी बघतात. तेव्हा हे त्यांनीच वाचावं.

त्यांनी फोनवर सांगितलं की तू पियूषला जवळ घेत नाहीस. तुझ्या हातून त्याला काही होईल म्हणून त्याला सासूबाईंकडे देतेस आणि स्वतः भिंतीला टेकून बसतेस. दूध आटलं. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्याने झोप येते, दुसरं काही होत नाही. बोलताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

"ताई, तुमी लेकरू वाचवाले निघाल्या," ते म्हणाले, "अन् त्याची माय मारून टाकली."

मी फोन कानाला धरून राहिले. पलीकडे पियूष काहीतरी बडबडत होता.

आईने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. ती म्हणते, एक लेकरू गेलं ते देवानं नेलं, दुसरं, माझं लेकरू, तू हातानं ढकललं. डॉ. चारुलतांना मी सगळं सांगितलं, नूपुर माझी हेही सांगितलं. मी विचारलं, खरं सांगायला नको होतं का? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. मोठ्या डॉक्टर आहेत, पण म्हणाल्या, मला माहीत नाही.

अभिजीतचंही सांगते, आता लपवून काय करू. संत्र्यांचा हंगाम केव्हाच संपला. तो तिकडेच राहायला गेला आहे. भांडण झालं नाही. आम्ही दोघं एका खोलीत बसलो की तिसरी जागा रिकामी दिसते, असं तो म्हणाला. मी त्याचे कपडे इस्त्री करून त्याच्या दादाच्या मुलासोबत पाठवून दिले.

अश्विनराव, तिला हे वाचून दाखवू नका. फक्त तुम्ही स्वतः शिकून घ्या. घरात एकाला येत असलं तरी चालतं. तिला काही विचारू नका, सांगू नका. पुढे-मागे सावनेरमध्येच वर्ग होईल असं मी बघते.

हर्षा


नागपूर, १५ सप्टेंबर २०२५

प्रणाली,

काल सावनेरला शाळेच्या हॉलमध्ये तू आलीस. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. अश्विनराव येतील म्हणून मी दाराकडे बघत होते, आणि ते पियूषला कडेवर घेऊन बाहेरच थांबले. आत तू आलीस. शेवटच्या ओळीत भिंतीशी बसलीस.

मी पुढे बाहुल्या मांडत होते. डॉक्टरांना मदत करायला म्हणून मी जाते आता, दर वेळी. तुला बघून मी बाहुलीचं डोकं उलटं बसवलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस आणि मीही मग बघितलं नाही.

काल पंधरा-वीस जण होते. डॉक्टरांनी नेहमीसारखं शिकवलं. आधी वीज बंद करा. मग हाक मारा, छाती हलते का बघा. हलत नसेल तर मूल सपाट जमिनीवर ठेवा, छातीच्या मधोमध तळहात, हात ताठ, जोरात आणि भराभर तीस वेळा दाबा, मग दोन श्वास द्या, पुन्हा दाबा, मदत येईपर्यंत थांबू नका. वाळू, माती, शेण काही नको. हे त्या आता मुद्दाम सांगतात. मी मान खाली घालून उभी होते.

मग त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? एका बापाने अँब्युलन्सचं विचारलं. एकीने तापातल्या झटक्यांचं विचारलं. आणि मग मागून तुझा आवाज आला. तू उभी राहिली होतीस.

"डॉक्टर, बाई पोटुशी असली, चौथ्या महिन्याची, त तिले हे करता येते का? एवढा जोर लावता येते का?"

तू कोण, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण तू तेव्हा पोटुशी होतीस हे नाही, आणि तुला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, काहीही, बाहुली पाडणार होते. तोवर त्या बोलूनही गेल्या होत्या. रोजच्यासारख्या, हसऱ्या चेहऱ्याने.

"हो, करता येतं. चौथ्या महिन्यात काही अडचण नाही. लहान मूल असेल तर फार जोरही लागत नाही."

तू म्हणालीस, "बरं." एवढंच. खाली बसली नाहीस. ओळीतून वाट काढत पुढे आलीस, पदर खोचलास आणि बाहुलीपाशी गुडघ्यांवर बसलीस. सहा वर्षांच्या मुलाएवढीच बाहुली आहे ती. तू हात ठेवलेस ते बरोबर जागी ठेवलेस. दाबायला लागलीस. डॉक्टर तीसपर्यंत मोजत होत्या. श्वास दिलेस. पुन्हा दाबलंस. त्या म्हणाल्या, छान, अगदी असंच, आता पुढच्या ताईंना येऊ द्या. तू थांबली नाहीस. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. तुझ्या बांगड्या वाजत होत्या आणि नाकावरून घाम बाहुलीच्या तोंडावर पडत होता. डॉक्टरांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, पुरे झालं म्हणाल्या, तरी तू दाबत राहिलीस. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. तुला धरायला माझे हात उठले नाहीत. मलाही ते थांबायला नको होतं, प्रणाली.

शेवटी अश्विनराव आत आले. त्यांनी पियूषला माझ्याकडे दिलं, दुसरं कोणी जवळ नव्हतं म्हणून, आणि तुला उठवलं. तू उठलीस. पदर सोडलास, चेहरा पुसलास. माझ्यासमोर येऊन तू पियूषला माझ्या हातातून घेतलंस. तूच घेतलंस, अश्विनरावांना घेऊ दिलं नाहीस. आणि मग म्हणालीस, "ताई, आता पत्र लिहू नको मले. मले येते आता."

तुमची मोटरसायकल गेटातून बाहेर पडली. पियूष तुमच्या दोघांच्या मधे बसला होता, तुझ्या हाताच्या कड्यात. तू मागे वळून बघितलं नाहीस. मी वाटही बघितली नाही.

तू सांगितलंस तरी हे एक लिहिते आहे, कारण काल मला बोलता आलं नाही. तू सगळं बरोबर केलंस. हात, जागा, जोर, सगळं. यापुढे मी लिहिणार नाही. आईकडे सणाला तू येणार असशील तेव्हा मी येणार नाही, आईला तसं सांगून ठेवते. आपण दोघी एकमेकींसमोर आलो की तो हॉल आणि ती वाळू दोन्ही समोर येतात. त्यातून आपल्याला बाहेर काढणारं काही कोणी शिकवत नाही.

सगळे गेल्यावर आम्ही बाहुल्या स्पिरिटने पुसून पेटीत भरल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, ती पुढे आलेली बाई कोण होती, तुमच्या ओळखीची वाटली. मी म्हटलं, नाही, सावनेरचीच असेल कोणीतरी.

हर्षा